घोडाडोहाचा कप्तान

संत्र्यांचा हंगाम असला की पांढुर्ण्याच्या फलाटावर पेट्यांची रास लागायची. वॅगन वेळेवर मिळाली नाही की रास वाढत जायची आणि प्रवाशांना गाडीपर्यंत जायला वाट उरायची नाही. माझ्या डोक्यात किश्श्यांचं तसंच झालंय. मी त्या स्टेशनात तिकीट-खिडकीवर होतो, गाव मला बुकिंगबाबू म्हणायचं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात खिडकीशी जी मंडळी जमायची, त्यांनी एवढे किस्से माझ्याकडे आणून टाकले आणि उचलून न्यायला कोणी आलंच नाही. संत्री निदान सडतात तरी. किस्से सडत नाहीत, नुसती जागा अडवतात. तेव्हा आज थोडे गाडीत चढवून टाकतो.

सगळे ऐंशीच्या दशकातले, आणि सगळे एकाच चौकडीचे. चौकडी म्हणजे गळ टाकून मासे धरणारी. एक मी. दुसरा वसंता ढोबळे, सौंसरच्या रस्त्यावर त्याची संत्र्याची बाग होती आणि एक फटफटी होती, आणि तिचा आवाज त्याच्या आवाजापुढे कमीच. तिसरा प्रल्हाद टेलर, ज्याच्याकडे दिवाळीचे कपडे टाकले की संक्रांतीला घालायला मिळायचे. आणि चौथा कप्तान. खरं तर तोच पहिला, आम्ही बाकीचे त्याच्या मागं मागं.

आमची जागाही ठरलेली. पांढुर्ण्याची जाम नदी सौंसरच्या अंगानं खाली जाते. उन्हाळ्यात ती आटते आणि जागोजागी डोह तेवढे उरतात. त्यातला सगळ्यात खोल घोडाडोह. काठावर घोड्यानं मान वर करावी तसा एक खडक आहे, म्हणून ते नाव. नदीतले सगळे मासे उन्हाळाभर तिथं येऊन राहायचे, आणि पाऊस पडला की तिथूनच पुन्हा नदीभर पसरायचे. डोह गेला तर नदी गेली, असं कप्तान म्हणायचा. तेव्हा आम्ही मान हलवायचो आणि गळाकडं बघायचो.

०००

कप्तान म्हणजे नामदेव गजभिये, गावातल्या शाळेतले पी.टी. मास्तर. त्याआधी तो नौदलात खलाशी होता. वल्ह्यांच्या शर्यती, शिडाच्या बोटी, खुल्या समुद्रातलं पोहणं, सगळं करून छाती आणि आवाज शाबूत ठेवून गावी परत आला होता. कप्तान तो कधीच नव्हता. पण बाजारातून असा चालायचा की जणू रस्ताच डुलतोय आणि हा त्याला सांभाळून घेतोय. मग गावानंच त्याला बढती दिली.

शाळेत आला त्या वर्षीच त्यानं मुलांना वल्ही मारायला शिकवायचं ठरवलं. बोट नाही, पाणी नाही. त्यानं मैदानावर मुलांना दोन रांगांत बसवलं, प्रत्येकाच्या हातात कापसाची वाळलेली पऱ्हाटी दिली, आणि स्वतः समोर बसून ताल धरला. सगळा वर्ग धुळीत मागं-पुढं झुलायला लागला. हेडमास्तर खिडकीतून बराच वेळ पाहत होते. शेवटी बाहेर आले.

"गजभिये, हे काय करून राहिले तुम्ही?"

"बोट चालवून राहिलो, सर."

"इथं पाणी कुठं आहे?"

"पाण्याचं काय सर, ते येते. पोरं तयार पाहिजे."

त्याच पावसाळ्यात जामला पूर आला आणि नदी शाळेच्या मैदानात शिरली. हेडमास्तर टेबलावर चढून बसले आणि तिथूनच त्यांनी पहिली हाक मारली ती कप्तानला. पुढच्या वर्षी बोटीचा तास टाइमटेबलमध्ये आला.

०००

कप्तानचे मासेमारीचे नियम होते. लहान मासा सोडायचा. खाण्यापुरताच धरायचा. आणि सगळ्यात मोठा नियम, पिलांवरची मरळ धरायची नाही. मरळ हा मासा आपल्या पिलांना सोडत नाही. पावसाळ्यात लाल-नारिंगी पिलांचा घोळका पाण्यावर दिसला, की समजायचं खाली आई-बाप पहाऱ्याला आहेत. तेव्हा पिलांमध्ये गळ टाकला की मरळ रागानं त्यावर झडप घालते. म्हणजे धरायला अगदी सोपी. कप्तान म्हणायचा की त्याला मासेमारी म्हणत नाहीत, त्याला घरफोडी म्हणतात.

एकदा श्रावणात वसंताला मोह आवरला नाही. आमची पाठ फिरलेली पाहून त्यानं पिलांच्या घोळक्यात गळ टाकला आणि हातभर मरळ बाहेर ओढली. कप्ताननं मरळ गळातून सोडवली आणि पाण्यात सोडली. पण ती घाबरून खोल गेली, वर येईना. पिलं उघडी पडली. वरच्या फांदीवर दोन खंड्या पक्षी आधीच येऊन बसले होते.

कप्ताननं आपली छत्री वसंताच्या हातात दिली. "आई वापस येईपर्यंत आता तू बस. खंड्या खाली आला का हाकलाचा."

वसंता बसला. आधी हसत, मग शिव्या देत, मग मुकाट्यानं. दुपार कलली तरी त्याची छत्री फिरतच होती. जेवायची वेळ टळली म्हणून त्याच्या बायकोनं गड्याला पाठवलं. गडी आला, पाहून परत गेला, आणि घरी जाऊन सांगितलं की मालक पिलं सांभाळून राहिले.

वसंताच्या घरी तेव्हा तीन लहान मुलं होती. त्याच्या बायकोचा निरोप लगेच आला: "तिथलं झालं असन तं घरची बी सांभाळा थोडी."

०००

वसंताच्या बागेत पायऱ्यांची मोठी विहीर होती. उन्हाळ्याच्या सुटीत कप्तान तिथं पोहायला शिकवायचा. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात. अर्ध्या पांढुर्ण्याला त्यानं असं पोहतं केलं. हातपाय मारण्यापेक्षा त्याचा भर वेगळ्याच गोष्टीवर होता.

"पोहणं कोणालेबी येते," तो सांगायचा. "समुद्रात माणूस वाचते तो पडून राहण्यानं. पाठीवर पडाचं, छाती भरून घ्याची, आणि पाण्याले म्हणाचं, उचल आता. माणूस दिवसभर राहू शकते असा."

तो स्वतः विहिरीच्या मधोमध पाठीवर पडून दाखवायचा. हात नाही, पाय नाही, नुसता पडलेला. वसंताला बाकी काहीच जमलं नाही. कप्ताननं त्याला विचारलं, निदान पडून राहणं तरी जमन का? तर काठावरून वसंताच्या बायकोनंच उत्तर दिलं की ते तर त्यांना लग्नाच्या आधीपासून येते.

या सगळ्या गोंधळात विहिरीच्या काठावर सुमनवहिनी बसलेल्या असायच्या. सुमनवहिनी म्हणजे कप्तानची बायको. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठचं. वडील उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी करायचे. त्या संत्री सोलून पोरांना द्यायच्या आणि पाण्याकडं पाठ करून बसायच्या. कप्तान सगळ्यांना सांगायचा, "ही पाण्याले भिते. मी समुद्राचा, ही डांगरवाडीची. काय करता?"

वहिनी त्यावर एवढंच म्हणायच्या, "मले पाण्याचं काय नवल."

आणि पुढचं संत्रं सोलायला घ्यायच्या.

०००

बोटीचा किस्सा सांगितल्याशिवाय मला कोणी सोडत नाही. कप्तानच्या मनात शिडाची बोट होती. लाकूड कुठून आणायचं? वसंताकडं संत्र्यांच्या पेट्यांच्या फळ्या होत्या. शीड कशाचं? कापसाच्या गाठींवर असतं ते बारदान प्रल्हादनं शिवून दिलं, आणि विशेष म्हणजे कबूल केलेल्या महिन्यात दिलं. फटी बुजवायला रस्त्याच्या कामावरचं डांबर. दोन महिने वसंताच्या गोठ्यात ठोकाठोक चालली होती. म्हशींनी दूध कमी केलं, असं वसंता अजून सांगतो.

पावसाळा संपल्यावर बोट बैलगाडीत घालून घोडाडोहावर नेली. गाव पाहायला आलं. वहिनीही डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी बोटीभोवती एक चक्कर मारली आणि सहज म्हणाल्या, "हे उजवीकडं कलंडते जी."

कप्तान हसला. आम्हीही हसलो. प्रल्हाद तर जास्तच हसला.

बोट पाण्यात गेली. बारदानातून वारा आरपार जायला लागला, म्हणून कप्ताननं वल्ह्यानं ढकलत ती मध्यावर नेली. तिथं तो ऐटीत उभा राहिला आणि त्यानं काठाकडं पाहून सलाम ठोकला. त्याच वेळी बोट उजवीकडं कलंडली. मग एकेक फळी सुटायला लागली. थोड्या वेळात डोहभर फळ्या पसरल्या आणि मधल्या एका फळीला धरून कप्तान तरंगत होता. सलामाचा हात अजून पुरता खाली आला नव्हता.

एक फळी वाहत वसंताच्या पायाशी आली. तिच्यावर पेटीचा जुना छापा होता. वसंतानं ती उचलली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी वाचली: "माल नाजूक आहे, जपून उतरवा."

वहिनी कशी काय आधीच बोलल्या, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही. बायका म्हणतातच काही ना काही, असं आम्ही धरून चाललो.

०००

आम्ही नदीचीच माणसं, खरं पाणी आम्ही पाहिलंच नाही, असं कप्तान आम्हाला उठता-बसता ऐकवायचा. शेवटी एका हिवाळ्यात आम्ही विशाखापट्टणमला गेलो. कप्तान तिथं नोकरीत असताना राहिलेला. चौकडी आणि वहिनी. मला रेल्वेचा पास, बाकीच्यांनी माझ्याच खिडकीतून तिकिटं काढली.

वसंतानं सोबत सरकीच्या ढेपेचं, म्हणजे म्हशींना घालतात त्या पेंडीचं, पोतं घेतलं. घोडाडोहात आम्ही मासे गोळा करायला ढेप टाकायचो, आणि मासे यायचे. तेव्हा समुद्रात जायचं तर पोतंभर तरी पाहिजे, असा त्याचा हिशोब. नागपूरच्या पुढं तिकीट तपासनिसानं पोत्याला हात लावला, वास घेतला आणि विचारलं की सोबत जनावर कुठं आहे?

"जनावर नाही जी," वसंता म्हणाला. "पाहुणे आहेत. समुद्रात राहतात."

समुद्रावर पोचलो आणि सवयीप्रमाणं चपला, डबे, ढेपेचं पोतं, सगळं पाण्याच्या कडेला ठेवून खडकावर गळ टाकून बसलो. नदीत असंच करतात. पाणी आहे तिथं आहे. इथं बघता बघता पाणी वर आलं आणि चपला, डबे, पोतं, सगळं घेऊन गेलं. वसंता उभा राहून ओरडायला लागला की पाणी परत काऊन येऊन राहिलं? कप्ताननं अभिमानानं सांगितलं की याला भरती म्हणतात.

"हे आधी सांगाचं ना बे," वसंता म्हणाला. "मी नवी चप्पल घालून आलो."

एकट्या वहिनींच्या चपला वाचल्या. त्यांनी आल्या आल्याच त्या पिशवीत घातल्या होत्या आणि वर, कोरड्या वाळूत, पाण्याकडं पाठ करून बसल्या होत्या. कप्तान पुन्हा म्हणाला, पाहा, भिते ती. वहिनी म्हणाल्या, मले पाण्याचं काय नवल.

दुसऱ्या दिवशी कप्तानचा एक जुना दोस्त भेटला. त्याच्याकडे शिडाची छोटी बोट होती. कप्तान एकटा तिच्यात बसून गेला. आम्ही काठावरून पाहत होतो. त्यानं शीड वाऱ्याला दिलं आणि बोट अशी निघाली की आमच्या सगळ्या थट्टा घशातच राहिल्या. तो माणूस खरोखर कोण होता, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं आम्ही त्याला पऱ्हाट्या आणि पेट्यांमध्येच पाहत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि फार अभिमानही वाटला.

परत आला तेव्हा डोळे लाल होते. खाऱ्या पाण्यानं असतील. म्हणाला, "समुद्राले माझी काही गरज नाही. त्याले मोठे मोठे लोक आहेत. आपल्या घोडाडोहाले कोण आहे?"

परतीच्या गाडीत तो समुद्राबद्दल एक शब्द बोलला नाही.

०००

आणि त्यानंतरच्याच उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या एका डोहात सुरुंग वाजला.

आमच्याकडं बागांच्या विहिरी खडकात खोदायच्या म्हणजे सुरुंग लागतात. त्यामुळं जिलेटिनच्या कांड्या घेऊन फिरणाऱ्या टोळ्या गावोगाव. कोणाला तरी सुचलं की हीच कांडी डोहात टाकली तर गळ टाकून बसायची गरज नाही. आम्ही पाहायला गेलो. पाण्यावर पांढरी पोटंच पोटं. मोठे मासे पोत्यात भरून गेले होते, बोटभर पिलं तशीच सोडून दिली होती. मरळीची लाल पिलं मला ओळखू आली. वसंतानं तोंड फिरवलं.

संध्याकाळी स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर सगळे होते. कप्तान उभा राहिला आणि शाळेत कवायतीला लावायचा त्या आवाजात म्हणाला, "ज्या दिवशी घोडाडोहात सुरुंग वाजन, त्या दिवशी मी माझा गळ मोडीन. पुन्हा हातात धरणार नाही. पाण्यात बी उतरणार नाही."

टपरीवरचे काही हसले. आम्ही तिघं नाही हसलो. पाण्याशिवाय हा माणूस म्हणजे काय उरेल, ते आम्हाला माहीत होतं.

०००

पहाऱ्याची पहिली युक्ती प्रल्हादची. डोहात मगर आहे अशी हूल उठवायची. नुसत्या हुलीनं भागणार नाही म्हणून त्यानं बारदानाची मगर शिवली, आत सरकी भरली, वरून डांबर फासलं, आणि घोड्याच्या खडकाआड दोरीनं बांधून अर्धी पाण्यात सोडली. शेपटीला त्यानं शर्टाच्या कॉलरला लावतात तो कडक कपडा लावला होता, म्हणजे ती वाकू नये.

मगर गावात अशी पसरली की तिनं दोन बकऱ्या खाल्ल्या, असं मलाच तिकीट-खिडकीवर येऊन लोक सांगायला लागले. सुरुंगवाले त्या बाजूला फिरकेनात. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. फक्त एके दिवशी प्रल्हादचा गळ पाण्यात अडकला, तर तो सोडवायला तो उतरेना. कप्तान म्हणाला, अरे, ती तूच शिवली ना?

"शिवली तं मीच," प्रल्हाद म्हणाला. "पण इतके लोक सांगून राहिले, तं एखादी खरी बी असू शकते."

पुढं एका म्हशीनं तिच्यावर बसून मगरीचा निकाल लावला. पोट फुटलं, सरकी बाहेर आली, म्हशीनं ती खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून डोह पुन्हा उघडा.

०००

आता शेवटचा.

वैशाखातली सकाळ. माझी सुटी होती. आम्ही चौघंही घोडाडोहावर होतो, तोच वरून माणसं उतरली. जवळच्या एका बागेत विहिरीचं काम करणारी टोळी होती. पुढं त्यांचा उस्ताद, मागं वायरचं भेंडोळं, बॅटरी आणि कांड्यांची पेटी. उस्ताद माणूस वाईट नव्हता. त्यानं सरळ सांगितलं की बागेच्या मालकाकडं पाहुणे आले आहेत, त्यांना मासे पाहिजेत, पाच मिनिटांचं काम आहे, तुम्ही जरा बाजूला व्हा.

वसंतानं आवाज चढवला. मी समजावून पाहिलं. उस्ताद म्हणाला, मालकाचा हुकूम आहे, विहिरीचं काम त्याचंच आहे, मी काय करू?

कप्ताननं वाद घातला नाही. त्यानं सदरा काढला, घडी केली, घड्याळ बुटात ठेवलं आणि पाण्यात शिरला. डोहाच्या बरोबर मधोमध गेला, पाठीवर वळला, छाती भरून घेतली आणि पडून राहिला.

"मास्तर, बाहेर या," उस्तादानं हाक दिली.

"तुमचं तुम्ही करा," कप्तान आभाळाकडं बघत म्हणाला. "मी आराम करून राहिलो."

उस्ताद काठावर बसला. माणूस पाण्यात असताना कोण बटण दाबणार? त्यानं बिडी पेटवली. थकून येईलच बाहेर, असं त्यानं आपल्या माणसांना सांगितलं. ऊन चढत गेलं. दुसरी बिडी झाली, तिसरी झाली. वसंता फटफटी काढून पांढुर्ण्याला पळाला. कोणाला तरी घेऊन येतो म्हणाला.

दुपार झाली. कप्तान पन्नाशीच्या पुढचा होता आणि वर वैशाखाचं ऊन सरळ तोंडावर. चेहरा लाल झाला होता. मग त्याचा एक पाय आखडला. तो एकदम तिरपा झाला, हात मारून सावरला, पुन्हा पाठीवर आला. थोड्या वेळानं पुन्हा तिरपा झाला. पोटरीत गोळा आला होता. उस्ताद उठून उभा राहिला.

तो बाहेर आला की वायर पाण्यात जाणार. डोह जाणार, आणि कप्तानचा शब्द म्हणजे शब्द, तोही पाण्याला मुकला म्हणून समजा. त्याची जागा घ्यायला कोण होतं? मला पोहता यायचं ते विहिरीच्या या पायरीपासून त्या पायरीपर्यंत. प्रल्हाद मगरीपासून गुडघ्याच्या वर भिजला नव्हता. मी तरी सदरा काढला. काढून हातात धरून उभा राहिलो. इतकं असहाय मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. वसंतानं ठाण्यापासून शाळेपर्यंत सगळीकडं धाव मारली होती, आणि कोणी हललं नव्हतं. शेवटी निदान घरी सांगावं म्हणून तो कप्तानच्या दारात गेला. वसंताच्या मागं डबा मांडीवर घेऊन सुमनवहिनी बसल्या होत्या.

वहिनी खाली उतरल्या. पाण्याकडं पाहिलं. एकदाच. डबा माझ्या हातात दिला. चपला काढून वर, कोरड्या जागी ठेवल्या. पदर खोचला. मग त्या घोड्याच्या खडकावर चढायला लागल्या. मला वाटलं, वरून कप्तानला हाक मारतील. त्या थेट मानेच्या टोकापर्यंत गेल्या आणि तिथून त्यांनी सूर मारला.

पाणी फारसं उडालंही नाही. बराच वेळ काहीच दिसेना. प्रल्हादनं माझा हात धरला. मग त्या डोहाच्या मध्यावर, कप्तानच्या अगदी शेजारी वर आल्या. केस मागं सारले. त्या खडकांमध्ये आवाज घुमतो, त्यामुळं काठावर सगळ्यांना ऐकू आलं.

"डबा थंडा होऊन राहिला. जा तुम्ही. मी आहो इथं."

कप्तान एका पायानं पाणी मारत काठाला आला. आम्ही त्याला वर ओढलं, वसंतानं पोटरी चोळली, प्रल्हादनं डोक्यावर ओला टॉवेल टाकला. मी डबा उघडून पुढं ठेवला. भाकर होती, वांग्याची भाजी होती, सोललेलं संत्रं होतं. तो खायला लागला. नजर पाण्यावरून हलेना.

तिकडं वहिनी पाठीवर पडल्या होत्या. पदराचं टोक उन्हासाठी तोंडावर घेतलेलं, दोन्ही हात डोक्याखाली. दुपारी जेवण झाल्यावर माणूस बाजेवर पडतं, अगदी तशा. मधूनच एक पाय जरासा हलायचा आणि त्या पुन्हा बरोबर मध्यावर यायच्या.

उस्तादाची बिडी हातातच विझली. त्यानं सूर्याकडं पाहिलं. दिवस उतरायच्या आत त्याला विहिरीवर परत जाऊन तिथले सुरुंग लावायचे होते. मग त्यानं माणसांना वायर गुंडाळायला सांगितली. पेटी उचलली गेली, बॅटरी उचलली गेली. टोळी चढणीला लागली. जाता जाता उस्ताद कप्तानजवळ थांबला.

"मास्तर, बाई केव्हा निघतीन जी बाहेर?"

कप्ताननं घास गिळला.

"मले काय विचारता? मी बी तिले आजच पाहून राहिलो."